संबळाचा ठेका आणि इतिहासाची साधने

एखादे संगीत अप्रसिद्ध का राहते, याचे उत्तर त्या संगीताच्या गुणदोषांत क्वचितच सापडते. बहुधा ते नोंदीच्या साधनांत सापडते. उपलब्ध साधन संगीताचा एक अंश टिपते व दुसरा गाळते. टिपलेला अंश इतिहासात जमा होतो, गाळलेला अंश अप्रसिद्ध ठरतो. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरच्या परिसरात चालत आलेला भवानीचा गोंधळ हे याचे ठळक उदाहरण होय. त्याचा विचार करताना अमेरिकेतील ‘सोल’ आणि ‘फंक’ या संगीतप्रकारांशी केलेली तुलना उद्बोधक ठरते.

सोल हे उपासनेतून जन्मलेले संगीत आहे. कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांत एकाने आळवावे व समुदायाने साथ द्यावी, अशी गायनाची रीत होती. रे चार्ल्स यांनी १९५४ साली एका भक्तिगीताच्या धर्तीवर लौकिक प्रेमगीत मुद्रित केले आणि ही रीत देवालयाबाहेर आली. अरीथा फ्रँकलिन या डेट्रॉइट येथील धर्मोपदेशकाच्या कन्या होत्या. कीर्तीच्या शिखरावर असताना, १९७२ मध्ये, त्यांनी पुन्हा चर्चमध्ये बसूनच भक्तिगीते मुद्रित केली. फंक ही या परंपरेची पुढील पायरी. जेम्स ब्राउन यांनी १९६५ नंतर स्वरांची वळणे कमी केली, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सारा भार टाकला आणि गिटार व पितळी वाद्ये यांनाही तालवाद्यांचे काम दिले. येथे शब्द मागे सरतो आणि ठेका पुढे येतो.

या संगीताचे रसिक मोठ्या नावांवर संतुष्ट राहिले नाहीत. उत्तर इंग्लंडमधील औद्योगिक नगरांतील तरुणांनी १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेतील लहान कंपन्यांच्या, विक्रीत अपयशी ठरलेल्या तबकड्या धुंडाळल्या. फ्रँक विल्सन यांच्या १९६५ मधील एका तबकडीच्या प्रती बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या होत्या. तरीही या रसिकांमुळे ती अजरामर झाली. हा शोध शक्य झाला, कारण मूळ तबकडी कोठेतरी शिल्लक होती. ज्या संगीताची तबकडीच निघाली नाही, त्याचा शोध कसा घ्यावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

गोंधळाच्या बाबतीत अभ्यासक प्रथम ग्रंथांकडे वळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या इ. स. ११३० च्या सुमाराच्या ग्रंथात ‘गोंडली’ नृत्याचा उल्लेख येतो. सोमेश्वराने एका उत्सवात भिल्ल स्त्रीच्या वेषातील नर्तकी पाहिली व तिच्या नृत्यावरून गोंडलीची रचना केली, असा वृत्तांत तेराव्या शतकातील जायसेनापतीने दिला आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानेही ‘संगीतरत्नाकरा’त या नृत्याचे लक्षण सांगितले आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते उमरगा तालुक्यापासून दूर नाही, आणि धाराशिवचा प्रदेश त्या काळी चालुक्यांच्याच सत्तेखाली होता. त्यामुळे गोंडली व गोंधळ यांचा संबंध जोडण्याचा मोह स्वाभाविक आहे.

तथापि येथे सावधगिरी आवश्यक आहे. गोंडली हे ग्रंथांत वर्णिलेले स्त्रीचे नृत्य. गोंधळ हा रात्रभर चालणारा, मुख्यतः पुरुषांनी सादर केलेला कुलाचार. नामसादृश्य हा दुवा सुचवू शकते, सिद्ध करू शकत नाही. या उल्लेखांतून निश्चितपणे निघते ते एवढेच की, जनसामान्यांतील नृत्यसंगीत दरबारात पोचले तेव्हाच ग्रंथकाराने त्याची दखल घेतली. उत्सवातील मूळ नर्तकीचे नाव त्याने नोंदविले नाही.

पुढील साधन म्हणजे मराठी संतवाङ्मय. एकनाथांनी (१५३३–१५९९) जोगवा व गोंधळ यांची रूपे भारुडांत योजिली. त्यामुळे या परंपरेचा शब्द वाङ्मयात स्थिरावला; परंतु पोथीत शब्द उतरतो, ठेका उतरत नाही. आधुनिक काळातील लोकगीतसंग्रहांचीही हीच मर्यादा आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या ‘लोकसंस्कृतीचे उपासक’ (१९६४) या ग्रंथाने गोंधळ्यांसारख्या उपासकांना अभ्यासाच्या कक्षेत आणले, हे त्याचे मोठे श्रेय होय. पण कोणत्याही छापील ग्रंथातून संबळ ऐकू येणार नाही.

वस्तुतः गोंधळाचा प्राण संबळात आहे. चौक मांडला जातो, घट बसतो, दिवटी पेटते, देवदेवतांना आवाहन होते. त्यानंतर नायक आख्यान लावतो आणि साथीदार मध्येच प्रश्न विचारून ते पुढे नेतो. कमरेला बांधलेल्या दोन वाद्यांचा संबळ काठ्यांनी वाजतो: एकाचा नाद उंच, दुसऱ्याचा खोल. तुणतुणे एकच स्वर अखंड धरून ठेवते. आराध्यांच्या मेळ्यातील चौंडक्याची तार हाताने ताणली वा सैल केली की नाद चढतो वा उतरतो. ते तंतुवाद्य असूनही तालाचे काम करते. आख्यानातील आवेश, विनोद, करुणा यांच्या संधी ठेक्यातील बदलाने साधल्या जातात. शब्द काढून घेतला तरी श्रोत्याला प्रसंग कळावा, इतकी या वादनाची सिद्धी असते.

अशा वादकाचे श्रेय कोणाकडे जाते? जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदातील क्लाइड स्टबलफील्ड यांनी १९६९ मध्ये वाजविलेला काही सेकंदांचा ढोलांचा तुकडा पुढे असंख्य गीतांत पुन्हा वापरला गेला. गीताचे रचनाकार म्हणून त्यांची नोंद नसल्याने त्यांच्या पदरी अत्यल्प मोबदला पडला. २०१७ मध्ये ते निधन पावले. रचना म्हणजे शब्द व चाल, ठेका ही केवळ साथ, या समजुतीचे हे फळ होते. तबकडी होती म्हणून निदान त्यांचे नाव शोधता आले. जोगत्यांच्या जीवनावरील ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाला संगीतदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि या परंपरेचे नाद घरोघरी पोचले. परंतु ज्या अनाम वादकांनी ते ठेके पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांच्या नोंदीचे काम चित्रपटाचे नव्हे, ते इतिहासाचे आहे.

म्हणून अप्रसिद्ध संगीताच्या शोधास निघालेल्या विद्यार्थ्याने केवळ जुन्या तबकड्यांच्या याद्यांवर विसंबू नये. विवाहानंतर एखाद्या घरी घातलेला गोंधळ, आश्विनातील नवरात्रात व पौर्णिमेला तुळजापुरी येणारे आराध्यांचे मेळे, ही आजही जिवंत असलेली साधने होत. त्यांचे ध्वनिमुद्रण करताना आख्यानाचे नाव व नायकाचे नाव लिहिले जाते. त्याच पंक्तीत, वादकाच्या संमतीने, संबळ कोणी वाजविला, तो कोणाकडून शिकला आणि आख्यानाच्या कोणत्या स्थळी त्याने ठेका बदलला, हेही लिहिले जावे. मुद्रणाची एक प्रत त्या वादकाच्या घरी राहावी. बाराव्या शतकातील ग्रंथकाराने नर्तकीचे नाव गाळले, त्याला साधनांची उणीव हे कारण देता येईल. आजच्या अभ्यासकाला ते देता येणार नाही.