चाकांच्या जुळणीचा इतिहास आणि दैनंदिन वापरातील वेगवान मोटार : मेहकर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

मोटारीच्या इतिहासलेखनात इंजिनाला जेवढे स्थान मिळाले, तेवढे चाकांच्या कोनांना मिळालेले नाही. वास्तविक इंजिनाची शक्ती, ब्रेकचा जोर आणि चालकाचे कौशल्य हे सर्व रस्त्यापर्यंत पोहोचते ते टायरच्या तळहाताएवढ्या स्पर्शक्षेत्रातूनच. मेहकर परिसरात या प्रश्नास अलीकडे विशेष महत्त्व आले आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी 701 किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. हा मार्ग मेहकर तालुक्यातून जातो. परिणामी एकच मोटार सकाळी गावरस्त्यावरील खड्डे ओलांडते आणि थोड्याच वेळात काँक्रीटवर ताशी 120 किलोमीटर या कमाल अनुज्ञेय वेगाने धावते. अशा वापरासाठी चाकांची जुळणी कशी असावी, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

गाडी ते मोटार

वऱ्हाडातील बैलगाडीच्या दोन्ही चाकांना एकच सरळ आस असतो. दिशा बैल देतात; त्यामुळे चाके स्वतंत्रपणे वळवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. चारचाकी घोडागाडीत मात्र तो उद्भवला. वळताना आतील चाकाचे वर्तुळ लहान असते, म्हणून ते बाहेरील चाकापेक्षा अधिक वळले पाहिजे. म्युनिकचे गाडीकार गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी यावर उपाय शोधला आणि रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी 1818 मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले. मोटारीच्या सुकाणूरचनेचा पाया तोच होय.

जुळणीचे तीन कोन येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेकडून होणारा कल म्हणजे कॅम्बर. वरचा भाग बाहेर झुकल्यास तो धन, आत झुकल्यास ऋण. वरून पाहता दोन्ही चाकांची पुढील टोके एकमेकांकडे वळलेली असल्यास टो-इन, दूर गेलेली असल्यास टो-आउट. चाक ज्या अक्षाभोवती वळते त्या अक्षाचा बाजूने दिसणारा कल म्हणजे कास्टर. चाक सरळ राहण्याची प्रवृत्ती मुख्यतः त्यावर अवलंबून असते.

आरंभीच्या मोटारींत धन कॅम्बर ठेवण्याची प्रथा होती. त्या काळातील रस्ते मध्यभागी उंच आणि कडेला उतरते असत. बाहेर झुकलेले चाक अशा पृष्ठभागावर जवळजवळ काटकोनात टेके आणि सुकाणूही हलके होई. परंतु बाहेर झुकलेले चाक बाहेरच धावू पाहते, म्हणून त्यास आवर घालण्यासाठी टो-इन देण्यात येई. तात्पर्य, हे कोन रस्त्याच्या स्वरूपातूनच निर्माण झाले होते.

रस्ता आणि यंत्ररचनेतील परिवर्तन

भारतात 1927 मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमण्यात आली, तर 1943 मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतीय, जिल्हा आणि ग्राम असे वर्गीकरण मांडले. याच सुमारास टायरमध्येही मूलभूत बदल झाला. मिशेलिन कंपनीने 1946 मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्याच्या लवचिक बाजूंमुळे अल्प ऋण कॅम्बर सोसण्याची क्षमता वाढली.

महाराष्ट्रातील मोटार उद्योगात या परिवर्तनाच्या खुणा स्पष्ट दिसतात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ला येथे तयार केलेल्या फियाट 1100 मध्ये पुढील चाके स्वतंत्र निलंबनावर होती, पण गती मागील चाकांना मिळे. अशा गाडीत धावताना पुढील चाके मागे रेटली जाऊन किंचित उघडतात. म्हणून आधीच टो-इन देणे योग्य ठरे. 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ने पुढील चाकांना गती देणारी रचना सर्वसामान्यांपर्यंत नेली. येथे इंजिनाचा जोर चाकांना आत ओढतो, त्यामुळे टो शून्याच्या जवळ ठेवणे इष्ट ठरते. चाकण येथे तयार झालेली पोलो जीटी टीएसआय (2013) आणि रांजणगाव येथील 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो (2015) या रोजच्या वापरातील वेगवान मोटारी याच रचनेच्या आहेत. आज दोन्हींचे उत्पादन थांबले असले, तरी जुन्या बाजारात त्यांना मागणी आहे.

जुळणीची निवड

वळणावर गाडी बाहेर कलते आणि भार घेणारे बाहेरील चाकही बाहेर झुकते. स्थिर अवस्थेतील ऋण कॅम्बर हा कल भरून काढतो. म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांत तो मोठा ठेवतात आणि त्यांचे अनुकरण करण्याचा मोह होतो. परंतु मेहकर ते नागपूर हा प्रवास प्रायः सरळ रेषेचा आहे. तेथे अतिरिक्त कॅम्बरचा लाभ नगण्य असून टायरची आतील कड मात्र अधिक तापते व झिजते.

टायरची खरी हानी चुकीच्या टोने होते. 15 इंची रिमवर मोजलेला एकूण टो 3 मिलिमीटरने चुकीचा असल्यास प्रत्येक चाक सुमारे 0.23 अंश तिरपे राहते. भूमितीच्या हिशेबाने ते दर किलोमीटरला जवळजवळ 4 मीटर आडवे घासते. समृद्धीच्या 701 किलोमीटरांत हे अंतर पावणेतीन किलोमीटर भरते. ऋण कॅम्बर आणि टो-आउट एकत्र आल्यास झीज आतील कडेला होते. उभ्याने पाहणाऱ्यास टायर चांगला दिसतो आणि आतून तारा उघड्या पडलेल्या असतात. तापलेल्या काँक्रीटवर, पूर्ण वेगात, हा दोष जीवघेणा ठरू शकतो.

यास्तव उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच राहून पुढील कॅम्बर साधारणतः उणे अर्धा ते उणे एक अंश, दोन्ही बाजूंना शक्य तितका समान आणि टो शून्य ते किंचित टो-इन, ही निवड या परिसरास अनुरूप वाटते. या प्रकारच्या अनेक गाड्यांत कारखान्याकडून केवळ टो जुळवण्याची सोय असते. कॅम्बर बदलल्यास टो बदलतो, म्हणून टो शेवटी जुळवावा. तत्पूर्वी हवेचा दाब, बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड तपासणे अनिवार्य आहे. सैल सांध्यांवर केलेली जुळणी पहिल्याच खड्ड्यात निरर्थक ठरते. रस्ता पाण्याच्या निचऱ्यासाठी डावीकडे उतरता असल्याने गाडी डावीकडे किंचित ओढते. तेवढ्यावरून कोन बदलण्याची घाई करू नये.

निष्कर्ष

चाकांचे कोन प्रत्येक काळात रस्ता, टायर आणि गतीची रचना यांना अनुसरून बदलत आले आहेत. फियाटच्या काळातील टो-इनची सवय किंवा शर्यतीतील कॅम्बर यांपैकी काहीही जसेच्या तसे आज स्वीकारणे इतिहासाशी विसंगत आहे. मेहकरच्या चालकास खड्डे आणि महामार्ग दोन्ही वाट्याला आले आहेत. त्याने मोठा खड्डा लागल्यानंतर आणि लांबच्या प्रवासापूर्वी टायरची आतील कड हाताने तपासावी. जुळणी योग्य आहे की नाही, याचा सर्वांत विश्वसनीय पुरावा तेथेच मिळतो.