जन्मभाषेचे भांडवल

इंग्रजी शिकवायचे आणि त्या कमाईवर देशोदेशी हिंडायचे, ही जीवनपद्धती इंटरनेटने जन्माला घातली असा सर्वसाधारण समज आहे. चियांग माय किंवा लिस्बनसारख्या शहरात भाड्याची खोली घ्यावी, दिवसाचे चार-पाच तास लॅपटॉपसमोर बसून दूरदेशीच्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवावे, उरलेला वेळ भटकंतीला द्यावा आणि व्हिसाची मुदत संपत आली की पुढच्या देशाकडे निघावे, असे या जीवनाचे चित्र रंगवले जाते. चित्र मोहक आहे आणि खोटेही नाही. पण ते नवे मात्र नाही. भाषा शिकवून परदेशी पोट भरणाऱ्यांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्यातील एक दुवा थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचतो.

आम्ही मराठीचे अध्यापक. इंग्रजीच्या अध्यापनाविषयी आम्ही का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. आमच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज या ऑनलाइन वर्गांच्या वाटेने जाऊ पाहतात. त्यांचे इंग्रजी चांगले असते, शिकवण्याची हौसही असते. तरीही त्यांच्या अर्जाचे भवितव्य बहुधा एकाच रकान्यावर ठरते, तो म्हणजे नागरिकत्वाचा रकाना. तेव्हा या व्यवसायात नेमके विकले काय जाते, भाषेचे ज्ञान की त्या भाषेत जन्म झाल्याचा दाखला, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

महाराष्ट्रातला तो दुवा म्हणजे ॲना लिओनोवेन्स. सयामच्या राजदरबारातील इंग्रज शिक्षिका म्हणून ती जगाला ठाऊक आहे. तिच्या आठवणींवरून पुढे कादंबरी निघाली, १९५१ साली 'द किंग अँड आय' ही संगीतिका रंगभूमीवर आली आणि १९५६ साली तिचा चित्रपट झाला. सयामचा राजा मोंगकुट याला आपल्या राण्यांना आणि मुलांना इंग्रजी शिकवायचे होते. त्याआधी हे काम अमेरिकन मिशनऱ्यांच्या बायकांनी केले होते. पण भाषेबरोबर त्या धर्मही शिकवू लागल्याने राजाने ते थांबवले. धर्मप्रसार न करता केवळ भाषा आणि विद्या शिकवील अशी बाई त्याला हवी होती. १८६२ साली ॲना बँकॉकला गेली आणि १८६७ पर्यंत तिने तेथे शिकवले. पुढे राजा झालेला चुलालोंगकोर्न हा तिच्या विद्यार्थ्यांपैकी एक.

आपल्याविषयी ॲनाने जगाला जे सांगितले ते असे: जन्म वेल्समधील, साल १८३४, पती लष्करी अधिकारी, वाघाच्या शिकारीत उन्हाचा झटका येऊन तो वारला. यातले जवळजवळ काहीही खरे नव्हते. तिचा जन्म १८३१ साली अहमदनगरला (२०२४ पासून हे शहर अहिल्यानगर म्हणून ओळखले जाते) कंपनीच्या फौजेतील एका सार्जंटच्या घरी झाला. बाप तिच्या जन्माआधीच वारला होता. आजी बहुधा मिश्र वंशाची असावी, असे तिच्या चरित्रकारांचे मत आहे. १८४९ साली पुण्यात तिचा विवाह एका कारकुनाशी झाला आणि १८५९ साली पेनांग येथे त्याचा मृत्यू झाला. पदरी दोन मुले आणि हाती पैसा नाही, अशा स्थितीत तिने सिंगापुरात शाळा काढली. याच काळात तिने आपला पूर्वेतिहास नव्याने रचला असावा. ही लपवाछपवी १९७०च्या दशकात उघडकीस आली.

ॲनाला खोटारडी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला मात्र तिच्या खोटेपणापेक्षा त्यामागची गरज अधिक बोलकी वाटते. इंग्रजी ही तिची घरची भाषा होती. ती उत्तम लिहीत असे. तिची पुस्तके पुढे अमेरिकेत वाचली गेली. तरीही नगरला जन्मलेल्या, मिश्र रक्ताचा संशय असलेल्या सार्जंटच्या मुलीचे इंग्रजी आणि वेल्समध्ये जन्मलेल्या लष्करी अधिकाऱ्याच्या विधवेचे इंग्रजी यांना त्या वसाहतवादी जगात एकच भाव मिळाला नसता. भाषा तीच, शिक्षिका तीच. पण जन्मस्थळ बदलले की मोल बदलते, हे तिने ओळखले होते.

ॲनाच्या काळी अशी नोकरी ओळखीपाळखीने मिळत असे. तिचा रीतसर व्यवसाय झाला तो पुढच्या पिढीत, आणि त्याचे श्रेय एका अध्यापनपद्धतीला द्यावे लागते. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ याने १८७८ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स या गावी भाषाशाळा उघडली. तिच्याविषयी एक कथा परंपरेने सांगितली जाते. बर्लिट्झने फ्रेंच शिकवण्यासाठी एक सहायक नेमला. तो आल्यावर कळले की त्याला इंग्रजी मुळीच येत नाही. बर्लिट्झ आजारी असल्याने वर्ग त्याच्यावरच सोपवावा लागला. काही आठवड्यांनी पाहतो तो विद्यार्थी खुणा आणि वस्तू यांच्या आधाराने फ्रेंच बोलू लागले होते. यातून विद्यार्थ्याच्या भाषेचा आधार न घेता शिकवायची पद्धती रूढ झाली.

या पद्धतीचे शैक्षणिक गुण आम्ही नाकारत नाही. पण तिचा आर्थिक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. शिक्षकाला विद्यार्थ्याची भाषा येण्याची गरजच उरली नाही, तेव्हा तो कोणत्याही देशात कामाचा ठरला. व्याकरण, भाषांतर, दोन भाषांची तुलना यांवर वर्षानुवर्षे घालवलेली मेहनत गौण झाली आणि भाषा जन्मापासून तोंडी असणे हीच पात्रता झाली. मातृभाषा हे भांडवल झाले आणि ते खिशात घालून जगभर नेता येऊ लागले.

या भांडवलावर जगलेला सर्वांत प्रसिद्ध प्रवासी म्हणजे जेम्स जॉइस. १९०४च्या ऑक्टोबरात तो नोरा बार्नकलसह डब्लिनहून निघाला तो झुरिकच्या बर्लिट्झ शाळेत जागा आहे या भरवशावर. तेथे जागा नव्हती. त्रिएस्तेलाही नव्हती. अखेर पोला येथे, म्हणजे आजच्या क्रोएशियातील पुला शहरी, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलातील अधिकाऱ्यांना इंग्रजी शिकवण्याचे काम मिळाले. १९०५ साली तो त्रिएस्तेला आला आणि मधला काही काळ वगळता १९१५ पर्यंत तेथेच राहिला. 'डब्लिनर्स'मधील बहुतेक कथा या काळात लिहिल्या गेल्या. त्याच्या खाजगी शिकवण्यांना येणारा एक व्यापारी एत्तोरे श्मिट्झ. तोच पुढे इतालो स्वेवो या नावाने कादंबरीकार म्हणून मान्यता पावला. गंमत अशी, की आयरिश जॉइसचे मन इंग्रजीशी असलेल्या आपल्या नात्याविषयी अत्यंत साशंक होते. त्रिएस्तेच्या विद्यार्थ्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. त्यांच्या लेखी तो जन्मतः इंग्रजी बोलणारा माणूस होता, आणि तेवढे पुरेसे होते.

याच सुमारास जपानात नेमके उलट घडत होते. ग्रीक आई आणि आयरिश बाप यांचा मुलगा लाफ्कादिओ हर्न १८९० साली जपानला गेला, मात्सुए येथील शाळेत इंग्रजी शिकवू लागला, तिथलाच झाला आणि १८९६ पासून टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला. १९०३ साली विद्यापीठाने त्याला निरोप दिला आणि त्याच्या जागी नात्सुमे सोसेकी या नुकत्याच लंडनहून परतलेल्या जपानी अध्यापकाची नेमणूक केली. हर्नच्या विद्यार्थ्यांना हा बदल रुचला नाही. पण मेईजी राजवटीचे धोरण स्पष्ट होते: परकीयांकडून विद्या घ्यावी, ती आपल्या माणसांत रुजवावी आणि मग आपल्याच माणसांनी ती शिकवावी. इंग्रजी कष्टाने शिकलेला माणूस ती शिकवण्यास पात्र आहे, हे जपानी राज्यव्यवस्थेने तेव्हा मान्य केले होते.

ही मान्यता टिकली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजी अध्यापनाचे शास्त्र ब्रिटन-अमेरिकेत घडू लागले. १९६१ साली युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुलाची एक परिषद भरली आणि जन्मतः इंग्रजी बोलणारा हाच आदर्श शिक्षक, हा विचार तेथे बळकट झाला. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली आपल्या 'लिंग्विस्टिक इम्पीरिअलिझम' या ग्रंथात या समजुतीला भ्रम म्हटले. पण ग्रंथांनी बाजार बदलत नाहीत. जपानने १९८७ साली सरकारी योजना काढून परदेशी तरुणांना शाळांत आणले तेव्हा ते अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतूनच आले. दक्षिण कोरियाने इंग्रजी संभाषण शिकवण्याचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांपुरता ठेवला आणि त्यांना कोणत्याही विषयातली पदवी चालेल असे ठरवले. भारताशी झालेला करार २०१० साली अमलात आल्यावर भारतीयांसाठीही एक वाट निघाली. मात्र त्यांच्याकडे इंग्रजी विषयाची पदवी आणि अध्यापनाचा परवाना दोन्ही हवे होते. एकाला नागरिकत्व पुरते, दुसऱ्याला विद्या सिद्ध करावी लागते. आमच्या प्रश्नाचे याहून स्वच्छ उत्तर शोधून सापडणार नाही.

इंटरनेटमुळे हे सारे पुसले जाईल, अशी आशा वाटण्यास जागा होती. पडद्यावर दिसतो तो चेहरा आणि ऐकू येतो तो आवाज. तिथे व्हिसा कोण विचारणार? २००३ साली स्काइप आले आणि दूरदेशीचा वर्ग जवळजवळ फुकटात भरू लागला. २००७ साली टोकियोत रेअरजॉब ही कंपनी निघाली आणि फिलिपिनो शिक्षक जपानी विद्यार्थ्यांना शिकवू लागले. यामागेही इतिहास आहे. १९०१ साली 'थॉमस' नावाच्या जहाजातून पाचशेहून अधिक अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले होते. त्यांनी रुजवलेल्या इंग्रजीवर शतकानंतर त्या देशातील तरुण पोट भरू लागले. पण त्यांचा तास स्वस्त, हेच त्यांचे मुख्य आकर्षण ठरले.

दुसऱ्या टोकाला बीजिंगची व्हीआयपीकिड. २०१३ साली निघालेल्या या कंपनीने चिनी मुलांसाठी अमेरिका-कॅनडातील शिक्षक नेमले. पंचवीस मिनिटांचा तास आणि ताशी साधारण १४ ते २२ डॉलर मोबदला. चीनमधील संध्याकाळ गाठण्यासाठी अमेरिकेतल्या शिक्षिका पहाटे उठत; आग्नेय आशियात राहणाऱ्या भटक्या शिक्षकाला मात्र ती वेळ सोयीची आणि तिथला खर्चही कमी. आरंभी रंगवलेले चित्र खरे झाले ते अशा कंपन्यांमुळे. उत्पन्न डॉलरमध्ये आणि खर्च बाथमध्ये, हे या जीवनाचे साधे अर्थशास्त्र होते. पगाराच्या खालच्या पायरीवरील फिलिपिनो शिक्षक घरीच बसून शिकवी. वरच्या पायरीवरचा जग पाही.

पुढे जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय मुलांच्या शिकवण्यांवर कठोर निर्बंध आणले आणि परदेशांत बसून चिनी मुलांना शिकवण्यास मनाई केली. ऑगस्टमध्ये व्हीआयपीकिडने परदेशी शिक्षकांच्या तासांची नवी विक्री थांबवली. हजारो शिक्षकांचे उत्पन्न पाहता पाहता आटले. जन्मभाषेचे भांडवल स्वतःच्या मालकीचे वाटत होते. त्याची बाजारपेठ दुसऱ्याच्या मर्जीवर होती, हे तेव्हा ध्यानात आले. अशा भटक्या कमावत्यांना आता अनेक देश रीतसर व्हिसा देतात. एस्टोनियाने तो २०२० साली सुरू केला. थायलंडने २०२४ साली पाच वर्षांचा व्हिसा आणला आणि त्यासाठी पाच लाख बाथ गाठीशी असल्याचा पुरावा मागितला. दार सर्वांना उघडे आहे, पण तेवढी पुंजी ताशी थोडक्या पैशांत शिकवणाऱ्याकडे कोठून यावी?

मातृभाषा बोलणे आणि ती शिकवणे यांतील अंतर मराठीच्या अध्यापकांइतके कोणाला जाणवावे? अमराठी माणसाला 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी आंबा आणला नाही' हे सहज सांगता येते. पण 'खाल्ला'चे 'खाल्ली' केव्हा होते, आणि 'मी आलो' म्हणणारा 'मी केलो' का म्हणत नाही, हे विचारल्यावर जन्माने मराठी असलेली शिकलेली माणसेही अडखळतात. भाषा त्यांना येते, पण ती कशी येते हे त्यांनी कधी पाहिलेले नसते. उलट ज्याने परकी भाषा चुकत-माकत, कारणे शोधत आत्मसात केली, त्याला विद्यार्थी कोठे घसरणार हे आधीच कळते, कारण तो स्वतः तेथे घसरलेला असतो. इंग्रजीच्या 'ए' आणि 'द' यांनी मराठी मुलाला किती छळले आहे, हे मराठी शिक्षकच जाणतो.

इंग्रजी शिकवत जग पाहणाऱ्यांविषयी आम्हांला असूया नाही. त्यांच्यात मन लावून शिकवणारे पुष्कळ आहेत, आणि प्रवासाने माणूस शहाणा होतो यावर आमचा विश्वास आहे. आमचे म्हणणे इतकेच, की ही वाट जन्माच्या दाखल्यावर नव्हे तर कमावलेल्या विद्येवर खुली व्हावी. नगरच्या एका मुलीला १८६२ साली आपले गाव लपवून इंग्रजी शिकवायला जावे लागले. आज त्याच जिल्ह्यातील एखादी पदवीधर मुलगी या व्यवसायात शिरू पाहील तेव्हा तिला आपले गाव सांगता आले पाहिजे, आणि ते सांगितल्यावरही तिच्या तासाचे मोल कमी होता कामा नये.