राष्ट्र, धम्म आणि अपरान्ताचा वारसा

पनवेलजवळील करंजाडे ही सिडकोने वसविलेली वसाहत. दि. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ येथून जवळच आहे. जगाची दारे अशी अंगणाशी उघडत असताना एक जुना प्रश्न आम्हांस नव्याने विचारला जातो : "तुम्ही आधी भारतीय की आधी बौद्ध?" या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या आधारे देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्राचीन काळी हा किनारा अपरान्त म्हणून ओळखला जाई. 'महावंस' या ग्रंथातील परंपरेनुसार, तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी अपरान्तात धम्मप्रसारासाठी योन धम्मरक्खित यांना पाठविले. योन म्हणजे यवन. येथील लोकांना धम्म सांगावयास आलेला थेर असा परकीय वंशाचा होता! सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे अवशेष सापडले आहेत. कार्ले येथील चैत्यगृहाचे अनेक स्तंभ धेनुकाकटच्या यवनांचे दान आहेत. दानलेखांत त्यांनी आपले यवनत्व लपविले नाही. धम्मानेही ते सोडावयास सांगितले नाही.

परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनातही हेच सूत्र दिसते. आपली निष्ठा प्रथम आणि अखेरही भारतीयत्वाशीच असावी, असे त्यांनी १९३८ साली मुंबई विधिमंडळात निक्षून सांगितले. तेच बाबासाहेब १९५० साली कोलंबो येथे जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित राहिले. दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी मूळच्या ब्रह्मदेशातील महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि पुढच्याच महिन्यात काठमांडूच्या परिषदेत भाषण केले. यात विसंगती नाही. जातिभेद राष्ट्रविघातक आहेत, हे त्यांनी दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत स्पष्ट केले होते. बंधुतेवाचून राष्ट्र उभे राहत नाही. आणि मैत्री तर सीमा जाणतच नाही. राष्ट्राचा खरा विरोध जातीशी आहे, जागतिक धम्मबंधुत्वाशी नव्हे.

तथापि एक सावधगिरी आम्हांस आवश्यक वाटते. श्रीलंकेतील १९८३ ते २००९ चे यादवी युद्ध आणि म्यानमारमधून २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना करावे लागलेले पलायन, या दोन्ही ठिकाणी धम्माचे नाव घेऊन वंशाभिमान पोसला गेला. केवळ ते देश बौद्ध आहेत म्हणून आम्ही मौन बाळगावे काय? मुळीच नाही. आमचे नाते बौद्ध राज्यसत्तांशी नाही, बुद्धाच्या करुणेशी आहे. ज्या कसोटीवर आम्ही स्वदेशातील अन्याय पारखतो, तीच कसोटी तेथेही लावली पाहिजे.

करंजाड्यासारख्या नव्या वसाहतींत एकाच जिन्यावर नाना गावांची, नाना जातींची माणसे राहतात. दारावरच्या पाटीवरील आडनाव वाचून शेजारी जात शोधत असेल, तर तेथे राष्ट्रही अपुरे आहे आणि धम्मही. तेव्हा आधी भारतीय की आधी बौद्ध, असे विचारणाऱ्यास आम्ही इतकेच विचारू : शेजाऱ्याशी तुमचे नाते काय? योन धम्मरक्खितांच्या या भूमीत राष्ट्रबांधणीचा आणि धम्मकार्याचा प्रारंभ त्या जिन्यापासूनच होईल.