यूरियाचे संश्लेषण आणि जीवशक्तीचा सिद्धांत : एक पुनर्विचार

सेंद्रिय पदार्थ केवळ सजीवांच्या देहातील जीवशक्तीमुळे निर्माण होतात, ही धारणा एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ होती. १८२८ मध्ये फ्रेडरिक व्होलर यांनी बर्लिन येथे अमोनियम सायनेटपासून यूरिया तयार केला आणि ती धारणा संपुष्टात आली, असे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगितले जाते. हे कथन सोयीचे असले तरी इतिहासाला धरून नाही.

मूत्रपिंडाच्या साहाय्याविना आपण यूरिया तयार केल्याचे व्होलर यांनी बर्झेलियस यांना कळविले खरे. परंतु सायनेटच मुळात प्राणिज द्रव्यापासून मिळत असल्याने आक्षेपास जागा उरते, हेही त्याच पत्रात त्यांनी मान्य केले. त्यांना अधिक कुतूहल होते ते वेगळ्याच गोष्टीचे. सारखेच अणू, सारख्याच प्रमाणात, तरीही दोन भिन्न पदार्थ कसे? या घटनेस बर्झेलियस यांनी १८३० मध्ये 'समघटकता' या अर्थाची संज्ञा दिली. कोल्बे यांनी १८४५ मध्ये ॲसिटिक आम्ल असेंद्रिय द्रव्यांपासून सिद्ध केले, तरीही वाद शमला नाही.

कारण खरा प्रश्न पदार्थांचा नव्हे, प्रक्रियांचा होता. किण्वन जिवंत पेशींखेरीज होत नाही, असे पाश्चर यांचे मत होते. १८९७ मध्ये एडुआर्ड बुख्नर यांनी यीस्ट वाळूसह घोटून, दाबयंत्राने पिळून पेशीविरहित रस काढला. त्या रसातही साखरेचे किण्वन झाले. यासाठी त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विशेष म्हणजे रसात साखर घातली होती ती केवळ तो टिकावा म्हणून.