क्वार्टर माइल : आधी सुरुवात सुधारा, मग पार्ट बदला

ड्रॅग रेसमधला क्वार्टर माइल म्हणजे सरळ ४०२ मीटर. एक्झॉस्ट, एअर फिल्टर बदलूनही वेळ घटत नसेल तर पहिले ६० फूट बघा. तिथं चाक जागेवर फिरलं की गेलेला वेळ पुढं भरून निघत नाही. बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर ओढतात. म्हणून पुढच्याच टायरची हवा थोडी कमी करा, क्लच एकदम सोडू नका. स्टेपनी, जॅक उतरवा. ४५ किलो घटले की साधारण ०.१ सेकंद वाचतो. परतताना हवा भरून घ्या.

हे सगळं लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होतात तशा स्पर्धांतच. हायवेवर शर्यत लावली तर मोटार वाहन कायदा कलम १८९ : ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समोरून येणाऱ्याचा जीव मात्र कुठल्याच दंडानं परत येत नाही.