तळटीप : ‘वानर’ आणि ‘कपी’

* वानर : मराठीत काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर आणि तांबूस तोंडाचे ते माकड. लेखकाने आफ्रिकेतील चिंपांझी-गोरिलांनाही ‘वानर’ म्हटले आहे. पण शेपूट नसलेल्या या प्राण्यांना ‘कपी’ म्हणणे योग्य. भारतात रानटी कपी फक्त ईशान्येला आढळतात : हुलॉक गिबन. चिंपांझी रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून झोपण्यासाठी नवे घरटे करतो. दाट जंगलात तो सहजी दिसत नाही, म्हणून अभ्यासक घरटी मोजून त्याची संख्या आणि वावर ठरवतात. जेन गुडॉल यांनी १९६० मध्ये आफ्रिकेतील गोंबे येथे सुरू केलेल्या चिंपांझींच्या निरीक्षणांनी अशा चिकाटीच्या कामाला दिशा दिली. चिंपांझीची खूण जशी घरट्यात, तशी आपल्याकडच्या वानरांच्या प्रदेशाची खूण शेपटीत सापडते. ढोबळमानाने तापी-गोदावरीच्या उत्तरेचे वानर चालताना शेपटीची कमान डोक्याकडे वळवतात, दक्षिणेचे ती मागे झुकवतात. हिंगोली जिल्हा गोदावरीच्या उत्तरेस, या सीमेपासून फार दूर नाही. म्हणून औंढा नागनाथ किंवा कयाधूकाठच्या वाचकांना विनंती : वानरांची टोळी दिसली, की शेपटीचा बाक पाहावा आणि गाव, तारीख वहीत टिपून ठेवावी. — संपा.