बिनलोखंडी घर

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या फाटकाबाहेर उभा होतो तेव्हा खिशातल्या किल्ल्यांची मला उगाच लाज वाटली. ही वेधशाळा बांधताना लोखंड कटाक्षानं टाळलं होतं. धातूकाम पितळेचं नि तांब्याचं. दगडसुद्धा पारखून पोरबंदरहून आणला, कारण आपल्या कोकणातल्या काळ्या पाषाणाच्या पोटात चुंबकीय लोहखनिज असतं.

पृथ्वीचं चुंबकत्व फ्रीजवर चिकटवायच्या चुंबकापेक्षा शंभरेक पटींनी दुबळं. त्यातले बारीक चढउतार टिपायचे, तर जवळचं पोलाद आड येतं. ते स्वतःच चुंबक बनून सुईला खेचतं. तांबं खेचत नाही. (अगदी अलिप्तही नसतं म्हणा. तांब्याजवळ झुलणारी सुई लवकर शांत होते, हे १८२४ साली पॅरिसच्या आरागोनं दाखवलं होतं.)

पण मुंबईची कुलाबा वेधशाळा सोडून अलिबागला यावं लागलं ते लोखंडामुळे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ते अर्धंच खरं. घोड्यांच्या ट्रामचे रूळ शहरात आधीपासून होतेच. जागेवर पडून राहिलेल्या लोखंडाचा परिणाम ठरावीक असतो. तो मोजून वजा करता येतो. विजेच्या ट्रामचं तसं नाही. तिचा प्रवाह रुळांतून परतताना थोडा जमिनीत झिरपतो, नि गाडी निघाली, थांबली की बदलतो. सूर्यावरच्या वादळानं सुई हलली की ट्रामनं, हे कसं ओळखणार? १८४०च्या दशकापासून जमवलेल्या नोंदींची साखळी तिथंच तुटली असती.

तेव्हाचे संचालक नानाभॉय अर्देशर फ्रामजी मूस. त्यांच्या देखरेखीखाली अलिबागला वेध सुरू झाले १९०४ मध्ये, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे दोन जागांमधला फरक हाती आला नि जुने आकडे नव्यांना जोडता आले. पोरबंदरच्या दगडाचं कौतुक सगळे करतात. मला या दुहेरी खर्डेघाशीचं जास्त वाटतं.

मुंबईत विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या नोंदी विश्लेषणासह छापल्या. ट्राम १९६४ मध्ये बंद पडली. अलिबागचं मोजणं चालू आहे.